भिंतीवरची आक्का

हैदराबादला निघालो तेव्हा आक्का, म्हणजे माझी आई, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली होती. रिक्षा यायला वेळ होता. कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी गुटख्याचा आणि मुतारीचा असा वास मारत होता की तिनं नाकाला पदर लावला. पदराआडूनच म्हणाली, "पोचलास की फोन कर. आणि तिकडं नुसता भात खात बसू नको." ती रडत होती की वासानं हैराण झाली होती, ते मला कळलंच नाही.

तीच ती आपल्या गल्लीची भिंत, मंडळी. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांनाही आठवत असेल. आधी मंडळाच्या पोरांनी तिथं देवांच्या टाइल्स बसवल्या. लोक देवांना चुकवून शेजारी थुंकायला लागले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की देव काही ओरडत नाहीत, गल्लीतली माणसंच रंगवू. पहिला मान अर्थात आक्काचा, कारण थुंकणाऱ्याला घरातून हाक मारून झाडणारी तीच. नवरात्रात चित्रकार आला आणि दारापेक्षा मोठा तिचा चेहरा काढून गेला. व्हॉट्सॲपवर फोटो आला तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरलो. हे माझ्याच मुळावर येणार, हे काय माहीत.

कारण किती विनवण्या केल्यावर ती दिवाळीनंतर माझ्याकडं कायमची यायला तयार झाली होती. गुडघे गेलेत, घरात एकटी, न्हाणीत एकदा पडलीही. मी तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तिच्या खोलीत धरायला दांड्या बसवून घेतल्या. दिवाळी झाली आणि फोनवर म्हणते, येत नाही. चित्रावर रोज कुणीतरी पिचकारी मारतं आणि ही रोज सकाळी बादली घेऊन जाते. मी म्हटलं, मंडळाची पोरं पुसतील की. तर म्हणाली, "दुसऱ्याकडनं तोंड धुऊन घ्यायला मी काय तान्हं बाळ हाय व्हय?"

फोन आपटावासा वाटला. मग तिला आणायलाच गेलो. सकाळी बघतो तर गुडघ्याला पट्टा बांधून बादली भरतेय. बादली हिसकावून घेतली आणि मीच गेलो. गालापासून हनुवटीपर्यंत लाल ओघळ आला होता. रागारागानं ब्रश घासत होतो, तेवढ्यात शेजारी मोटारसायकल थांबली. शिरोलीच्या कारखान्यात निघालेला, डबा अडकवलेला माणूस. मी त्याला ओळखत नव्हतो, गल्लीत अलीकडं भाड्यानं आला असावा.

"पावणं, दमानं घासा," तो म्हणाला. "रंग जाईल. आक्का आमची हाय."

मी तिचा मुलगा आहे, हे सांगणार होतो. पण मान खाली घातली आणि दमानं घासायला लागलो.

परत एकटाच आलो. दांड्या बसवलेली ती खोली रिकामी आहे. मी चिडलोय, तुमच्यावर, त्या चित्रकारावर आणि तिच्यावर तर सगळ्यात जास्त. पण भांडून ती येणार नाही, एवढं मला कळतं. आणि ती जिथं आहे तेच माझं घर, दुसरं काही मला म्हणता येत नाही. तेव्हा मंडळी, तिला ठेवून घेतलीत ना, मग निदान तिच्या तोंडावर थुंकू तरी नका.