सगुणामावशीच्या मातीतलं सोनं

वलगावची माझी सगुणामावशी वांगी पिकवायची आणि कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा, तेव्हाची गोष्ट. वांग्यांची पानं पिवळी पडली म्हणून शेतकीच्या साहेबाने तिच्याकडून बाटलीभर माती घेऊन विलायतेला धाडली. तिथे म्हणे मातीवर न्यूट्रॉनांचा मारा करतात, मग तिच्यातला कणभर धातूही किरणं सोडून आपली ओळख देतो.

उत्तर आलं: मँगनीज कमी आहे, सोनं मात्र आहे.

झालं! मँगनीज गेलं खड्ड्यात आणि मागोमाग मावसाही. त्या शहाण्याने उभी वांगी उपटून गळ्याइतकं खणलं. सोनं काही निघेना. साहेबाने पुन्हा माती मागवली. दुसऱ्या बाटलीत सोनं दुप्पट, तिसरीत चौपट!

चौथी बाटली भरताना मी मावशीजवळच बसलो. तिने माती चाळली, गळ्यातला सोन्याचा मणी काढला, तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी उगाळतात तसा सहाणेवर उगाळला आणि ते पाणी मातीत ओतलं.

“मावशी, हे काय करून राहिली?”

“आपली माती परमुलखात जाऊन राहिली. तिले ताकदीसाठी सोनं चाटवाचं नाई काय? साहेब पुन्हा पुन्हा मांगते, म्हंजे पुरत नसन. म्हनून दर बारीले जास्त उगाळा लागते.”

“मग सांगतलं काहून नाई?”

“मले कोनं इचारलं? समदे मातीलेच इचारून राहिले.”