वाचावं असं सांगणाऱ्या शैलाताई

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंच्या भावाचा फोन आला. "मीनाताई, ताई गेली... झोपेतच." मी दारातला आकाशकंदील उतरवत होते, तो तसाच स्टुलावर ठेवून खाली बसले. रडू आलं नाही. कानात माझंच वाक्य घुमत राहिलं, पंधरा दिवसांपूर्वी त्यांना म्हटलेलं... "दिवाळी झाली की जाऊ."

भोरच्या एका लहानशा वाचनालयात त्या आयुष्यभर ग्रंथपाल होत्या. मी शाळेत चित्रकला शिकवते. संध्याकाळी वर्तमानपत्रं चाळायला जायचे, तिथून ओळख वाढली. दर महिन्याला त्या दारावर एक कागद चिकटवायच्या, 'वाचावं असं'. त्यावर तीन-चार पुस्तकं, सगळी नद्यांची, मातीची, बदलत चाललेल्या पावसाची, आणि प्रत्येकाखाली त्यांच्या गोल अक्षरात एक ओळ. 'नदी आटते म्हणजे नेमकं काय होतं, ते यात आहे. घाईनं वाचू नका.' लोक कागद वाचायचे आणि रहस्यकथा घेऊन घरी जायचे. ताई हसायच्या, पुढच्या महिन्यात नवा कागद लावायच्या.

एकदा कामथडीच्या एका शेतकऱ्यानं त्यातलं एक पुस्तक नेलं. परत करताना म्हणाला, "बाई, चांगलं हाय. पर ह्यात समद्या जगाचं हाय, आमच्या पावसाचं कुठं काय?" ते ताईंना फार लागलं. त्याच सुमारास आम्ही दोघी पुण्यात वितळत्या बर्फाच्या चित्रांचं प्रदर्शन बघून आलो होतो. येताना एसटीत त्या खिडकीबाहेरचे डोंगर बघत होत्या. मग म्हणाल्या, "बर्फ आपल्या माणसांनी पाहिलेलाच नाही गं. त्यांनी जे पाहिलंय, ते त्यांनाच काढू दे की."

असं आमचं वेल्ह्याकडं जाणं सुरू झालं. नसरापूरला एसटी बदलायची, शेवटी तासभर चढायचं. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आम्ही बायकांपुढं कागद आणि खडू ठेवले. आधी सगळ्या लाजल्या. हौसाबाई सत्तरीच्या, त्यांनी आयुष्यात खडू धरला नव्हता. त्यांनी डोंगर काढला, खाली घरं, पूर्वी जांभळीपाशी असलेला आणि आता पार खाली सरकलेला झरा. आणि घरांच्या वर एक काळी वाकडी रेघ.

"ही काय, हौसाबाई?"

"भेग हाय. औंदा लई रुंदावलीया."

ताई ते चित्र घेऊन कचेऱ्यांत फिरल्या. एका साहेबांनी "आजींना बक्षीस द्या" म्हणून ते परत केलं. ताईंनी मग वाडीतच ठाण मांडलं. श्रावणात पावसाची झड लागली तेव्हा घरोघर फिरून, हातापाया पडून, वाडीतली सहाही घरं खालच्या शाळेत आणली. हौसाबाईही आल्या. तिसऱ्या दिवशी जरा उघडलं. "म्हस वरडत आसंल, पाणी दावून येते," म्हणून त्या कुणाला न जुमानता वर गेल्या... आणि डोंगर खाली आला.

"सहा घरांतली माणसं वाचली तुमच्यामुळं," मी ताईंना म्हटलं.

"जिनं भेग दाखवली तीच गेली, मीना."

त्यानंतर वाचनालयाच्या दारावर कागद लागला नाही. दिवाळीआधी एकदाच त्या म्हणाल्या, "बायकांची चित्रं माझ्याकडंच राहिलीत. ज्यांची त्यांना देऊन येऊ. रविवारी चल." मी सहामाहीच्या पेपरांचं कारण सांगितलं, दिवाळी झाली की जाऊ म्हटलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर आज सोसलं असतं.

गेल्या रविवारी त्यांच्या भावाकडून ती चित्रं घेऊन मी एकटीच गेले. वाडी आता खाली, पत्र्याच्या शेडमध्ये राहते. हौसाबाईंची सून कांता रस्त्यापर्यंत आली आणि माझ्या मागं बघू लागली. "बाई न्हाई आल्या? लई रविवार झालं." कुणी कळवलंच नव्हतं त्यांना... मीच सांगितलं. कांतानं पदर तोंडात धरला. एकेक करून बाकीच्या बायका येऊन बसल्या.

मग मला कळलं. दरड कोसळल्यापासून ताई दर रविवारी तिथं येत होत्या, आणि मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. दुपारी बायकांना जमवून नदीवरचं एक पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. कांतानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पुस्तक आणलं आणि उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. "हितवर झालंय. फुडलं तुमी वाचा."

मी वाचायला लागले. दीड पान झालं असेल, मी थांबले. अक्षरं दिसेनात. कुणी उठलं नाही. कडेच्या एका म्हातारीनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"दमानं वाचा, बाई. त्या बी अशाच मधी थांबायच्या. डोळं पुसायच्या, मंग फुडं वाचायच्या."

मी पाणी प्यायले, आणि पुढचं वाक्य वाचलं.