सरदारजींना विचारू नका

आमच्या इंदापूर भागात स्थळ आलं की बायोडाटा कुणी वाचत नाही. पाहुणे गुपचूप चौकशीला येतात. पानटपरीवर, डेअरीत, गॅरेजात. पोरगा पितो का, भांडतो का, खरंच कामाला आहे का? गावही मोठ्या मनाचं. लग्न मोडल्याचं पाप नको म्हणून सगळे बेधडक थापा मारतात. माझ्या एका मित्राला गावानं निर्व्यसनी ठरवलं, तेव्हा तो त्याच टपरीमागं बिडी ओढत बसला होता.

माझं घोडं वेगळ्याच जागी अडलं होतं. मी साखर कारखान्यात हंगामी कामाला. गाळप संपलं की पळसदेवजवळ हायवेला सरदारजींच्या गॅरेजात ऊस तोडायची मशीनं दुरुस्त करायचो. सरदारजी कधीकाळी असंच एक मशीन घेऊन पंजाबातून आले आणि इथलेच झाले. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त राग पंजाबीत यायचा.

वय चौतीस, नकार अकरा. बाराव्या वेळी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धीर सुटला. लोणी भापकरच्या पाहुण्यांना त्यांनी ठोकून दिलं, "पोरगा कारखान्यात परमनंट हाय." मुलगी बारामतीत नर्स. एकदाच भेटलो होतो आणि मला ती मनापासून आवडली होती. हे स्थळ गेलं तर मी कायमचा उरलो, हे मला कळत होतं.

म्हणून सरदारजींना गाठलं. "ते तुमच्याकडं येतील. परमनंट हाय, एवढंच म्हणा."

"तसं न्हाय म्हणणार," ते पाना फिरवत म्हणाले. "सकाळी गुरूपुढं ज्या तोंडानं अरदास करतो, त्याच तोंडानं दुपारी झूठ बोलू?"

"अहो, कुणाचं भलं होत असंल तर?"

"कुणाचा जीव वाचत असंल तर बघू. हितं कुणाचा जीव चाललाय?"

"माझा!"

ते पोट धरून हसले. मग पाना खाली ठेवला. "पुत्तर, खरं बोलणं मोठं, पण खरं वागणं त्याच्याही वर, असं आमचे गुरू सांगतात. आन् दुसऱ्याचा हक्क खायचा न्हाय. कुणाशी लगीन करतोय, हे कळायचा त्या पोरीचा हक्क हाय."

मी भडकलो. "मग तुमचंच लगीन लावा खऱ्याशी!" म्हणून तरातरा निघून गेलो. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं कामावर हजर. जाणार कुठं?

नेमके त्याच दुपारी पाहुणे आले, मुलीचे वडील. लांबूनच टोपी ओळखली आणि मी मशीनखाली सुळकन शिरलो. पावसाळ्यात गाळप बंद असलं, तरी परमनंट माणसं देखभालीला कारखान्यातच असतात. मी गॅरेजात दिसलो की संपलंच.

"पोरगा कसा हाय?" पाहुण्यांनी विचारलं.

"कामाला वाघ. डोकं गरम. जेवायला कधी वेळेवर येत न्हाय."

"पितो का?"

"दोस्ताच्या हळदीत एकदा. माझ्या बुटावर ओकला."

मी खाली कपाळाला हात लावला. पाहुणे म्हणाले, "आत्ता कुठं हाय?"

"तुमच्या पायापाशी," सरदारजी म्हणाले. "मशीनखाली."

अरे देवा! सरपटत बाहेर आलो. नखशिखांत ग्रीस. नमस्कार करावा तर हात काळे. पाहुण्यांनी मला वर-खाली न्याहाळलं. "तुमी परमनंट ना?"

सरदारजी माझ्याकडं नुसते बघत होते. त्यांच्यासमोर खोटं बोलायला जीभ काही वळेना.

"न्हाय. हंगामी हाय," मी म्हणालो. आता सगळं गेलं, असं वाटलं. रडूच यायला लागलं.

पाहुणे सरदारजींकडं वळले. "एवढं खरं बोलताय, तर एकच सांगा. तुमची पोरगी असती तर दिली असती का याला?"

सरदारजी फडक्यानं हात पुसत राहिले. बोटन् बोट पुसलं. काल या माणसानं खोटं बोलावं म्हणून मी हातापाया पडत होतो. आज ते खोटं बोलू शकत नाहीत, याचीच भीती वाटत होती.

"दिली असती," ते म्हणाले. "पण आधी ह्याच्या बापाकडनं खरं बोलवून घेतलं असतं."

पाहुण्यांनी लगेच आबांना फोन लावला, स्पीकरवर. "आबा, पोरगा हंगामी हाय म्हणतोय. तुमी काय म्हणता?"

आबा म्हणजे आयुष्यात कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. आता ते मलाच खोटं पाडणार, असं मी धरून चाललो.

"त्यो म्हणतोय तेच खरं," आबांचा आवाज आला. "मी खोटं बोललो, पाव्हणं. पोराचं वय चाललंय. मी गेल्यावर त्याला जेवलास का म्हणून कोण विचारंल, ह्याचं भ्याव वाटलं."

पाहुण्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, परत घातली.

"रविवारी या," ते फोनमध्ये म्हणाले. "पोरीला घरी बोलावून घेतो. हे सगळं तिच्यासमोर सांगा. आन् आबा, येताना त्याला जेवू घालून आणा."