फीत न कापलेली गाडी

ती गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत चोरीच्या गाड्या ढिगानं पाहिल्या. त्यांतल्या एकीचाही रंग आज विचाराल तर सांगता येणार नाही. ही मात्र पांढरी होती, दारावर निळ्या अक्षरांत एका बाईंचं नाव होतं आणि बॉनेटवर झेंडूचा वाळलेला हार. चोरीची फिर्याद आली त्या दिवसापर्यंत ती एकदाही कुठे गेलेली नव्हती.

त्या वेळी मी रायपूरजवळ, सिलतऱ्याच्या पुढच्या एका ग्रामीण थान्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे ठाणं म्हणत नाहीत, थाना म्हणतात. आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यातले मराठी, पण एवढ्या पिढ्यांत जीभ इथलीच झालेली. हद्दीचा अर्धा भाग म्हणजे कारखान्यांची धुराडी, अर्धा भाग म्हणजे भाताची खेडी. कारखान्यांकडे रोज मारामाऱ्या आणि लोखंडाच्या चोऱ्या, खेड्यांकडे फार तर बांधावरून भांडण. म्हणून सदर बाजारातले एक सराफ शेठजी दोन विश्वस्तांना घेऊन थान्यात आले आणि खेड्यातून रुग्णवाहिका चोरीला गेली म्हणाले, तेव्हा लिहायला बसलेल्या मुन्शीनंही मान वर केली.

शेठजींविषयी आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज नको. हा माणूस भामटा नव्हता. आईच्या नावानं न्यास काढून त्यांनी त्या गावात एक शाळा सुरू केली होती. सरकारी शाळा नाल्यापलीकडे, पावसाळ्यात लहान पोरांना जाता येत नसे, म्हणून ही. एक शिक्षिका, दोन खोल्या, दुपारी खिचडी. सगळं देणगीतून. त्याच न्यासानं आता गावाला रुग्णवाहिका दिली होती. पैसा खरा, गाडी खरी, इरादाही खरा.

"गाडी किती दिवसांपासून गावात होती?" मी विचारलं.

"पाच-सहा महिने झाले असतील, साहेब."

"मग किती रुग्ण नेले आजवर?"

शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अभद्र बोललो. "अहो साहेब, लोकार्पण कुठं झालंय अजून?"

मग सगळं बाहेर आलं. आधी प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. मिळाली तर आचारसंहिता लागली. ती उठली तर पितृपक्ष आला. त्यानंतर पाहुणे आजारी पडले. तोवर गाडी शाळेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी, दाराला पिवळी रेशमी फीत बांधलेली, ती पाहुण्यांच्या हातून कापायची. पोरांचं स्वागतगीत पाठ होऊन विसरूनही झालेलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. किल्ली शिक्षिकेकडे असे, कारण बॅटरी बसू नये म्हणून रोज सकाळी गाडी थोडा वेळ चालू करून बंद करायची, असं तिला बजावलेलं होतं. आता गाडीही नव्हती आणि शिक्षिकाही नव्हती. गुन्हा दाखल करून घेतला. फिर्याद आली की घ्यावी लागते.

संध्याकाळच्या आत खबर आली. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या मागे चहाची टपरी चालवणारा माझा जुना खबरी होता. फोनवर हसत होता. "साहब, इधर एक एम्बुलेंस खड़ी है, एकदम दूल्हे की गाड़ी जैसी. हार-वार लगा है."

आम्ही गेलो. गाडी भिंतीला लागून नीट उभी केलेली, काचा वर केलेल्या. पंचनाम्यासाठी मागचं दार उघडलं, तर नव्या सीटवरचं प्लास्टिक तसंच, आणि त्यावर रक्त. भरपूर रक्त. माझा हवालदार दोन पावलं मागे सरला. मी पुढचा कप्पा उघडला. आत ती पिवळी फीत होती. कापलेली नव्हती, तोडलेली नव्हती. गाठ सोडून, इस्त्रीच्या कपड्यासारखी घडी करून ठेवलेली होती.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकलो की चोर कुलूप तोडतो, घडी घालत नाही. फीत घडी घालून ठेवणाऱ्या माणसाला ती परत बांधायची असते. हे मला त्या जागी उभ्या उभ्या कळलं, आणि कळूनही उपयोग नव्हता, कारण गुन्हा दाखल झालेला होता.

शिक्षिका आत प्रसूती विभागाच्या बाहेर फरशीवर बसली होती. पंचविशीतली, साडीच्या निऱ्यांवर वाळलेले डाग. मी हिंदीत विचारलं, तिनं हिंदीत उत्तर दिलं, "गाड़ी मैं लाई हूँ. अकेली." नाव विचारलं तेव्हा आडनावावरून कळलं, मराठी आहे. वडील रेल्वेत, मूळ भंडाऱ्याकडचे. मी मराठीत आलो.

"बाई, खरं सांगा. गाडी तुम्ही चालवत आणली?"

"हो सर. मीच आणली."

"चालवायची सीट पार मागे सरकवलेली आहे. तुमचे पाय पोचायचे नाहीत तिथून."

मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सर, माझ्यावर लिहा ना. मले एकटीवर लिहा. दुसऱ्याले काहून ओढता?"

चौकशीत एक गोष्ट पक्की असते. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलला तर ते लवकर सुटतं. दुसऱ्याला वाचवायला बोलला तर दगड होतो. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळानं कोपऱ्यातला एक उंच माणूस उठून समोर आला. कोपरावर कापूस दाबलेला, रक्त देऊन आलेला. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात डंपर चालवणारा. हात जोडून म्हणाला, "गाड़ी ला मैं चलाए हंव साहब. दीदी के कोनो दोस नइ हे."

आत होती ती त्याची बायको. दुपारी कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं. सरकारी गाडीला फोन केला, ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, वाट पाहा म्हणाले. शिक्षिकेनं शेठजींच्या व्यवस्थापकाला फोन लावला. तो म्हणाला, ट्रस्टींना विचारून सांगतो. पुन्हा लावला, तर उचललाच नाही.

"मंग मी काय करू सर?" ती आता मराठीत सगळं बोलू लागली. "ते बाई माह्या समोर पांढरी पडून राहिली होती. गाडी समोर उभी. किल्ली माह्या हातात. पोट्टे सारे खिडकीतून पाहून राहिले. मी त्याहिले वर्गात शिकवतो का ॲम्ब्युलन्स कायच्यासाठी असते, चित्र काढून. आन गाडी देली नसती, तर उद्या कोन्त्या तोंडानं शिकवलं असतं?"

मूल वाटेत गाडीतच झालं. मुलगी. आई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती. हे मी केस डायरीत लिहिलं. केस डायरी कोण वाचतं, हा प्रश्न वेगळा.

कायद्यात चोरीला बेइमानीचा हेतू लागतो. इथे तो औषधालाही नव्हता. प्रकरणाचा खात्मा लावावा, म्हणजे ते तिथेच बंद करावं, म्हणून मी शेठजींकडे गेलो. त्यांनी बदाम घातलेलं दूध पाजलं, सगळं ऐकून घेतलं आणि हळहळलेही.

"पण साहेब, आज हिनं गाडी काढली, उद्या कोणीही काढील. शिस्त नको का? ट्रस्ट आहे, देणगीदारांना उत्तर द्यावं लागतं."

"ठीक. निदान गाडी तरी सोडवून घ्या. सुपूर्दनाम्याचा अर्ज द्या, आठवड्यात मिळेल. गावाला उपयोगी पडेल."

तेव्हा ते जरा सरकून बसले. आवाज खाली आला. "आता कसं सांगू? आईच्या नावाची गाडी. पूजा व्हायची होती, आणि आधी हे... बाळंतपण झालं आत. घरच्यांना पटत नाही. केस संपू द्या. मग शुद्धी करू, रंग देऊ, थाटात लोकार्पण करू."

मी म्हणालो, "शेठजी, आईच्या नावाच्या गाडीत एक बाई आई झाली. याहून मोठी पूजा कोणता भटजी सांगणार आहे?"

ते हात जोडून हसले. "साहेब, तुमचं बोलणं लाखाचं आहे." पुढे काही नाही. लाखाचं बोलणं ऐकून घ्यायला सदर बाजारात पैसे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मला वरून फोन आला, खात्मा नको, चालान, म्हणजे आरोपपत्र, सादर करा. मी केलं. बाईला आणि त्या डंपरवाल्याला जामीन मिळाला. न्यासानं बाईला काढून टाकलं. नवी शिक्षिका मिळेपर्यंत शाळा बंद, असं दारावर लावलं. त्या पगारात त्या गावात राहायला कोण येणार होतं? कुलूप तसंच राहिलं.

गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात आली. कोणत्याही थान्याचं आवार पाहा, जप्त गाड्यांची ती स्मशानभूमीच असते. मी ती निंबाखाली सावलीत लावायला सांगितली, तेवढंच माझ्या हातात होतं. किल्ली लिफाफ्यात घालून लाखेनं मोहोरबंद झाली आणि मालखान्यात गेली. मोहोर कोर्टाच्या हुकमाशिवाय तोडायची नसते.

मग उन्हाळ्यातली ती दुपार. थान्यासमोर एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत पोत्यांवर एक अडलेली बाई निजवलेली, वर दोघींनी साडी ताणून धरलेली. गाव तेच. म्हातारा सासरा उतरून आला. मला वाटलं तक्रार घेऊन आला. त्यानं तक्रार केली नाही. निंबाखाली बोट दाखवलं.

"साहब, वो गाड़ी हमरे गाँव के हे ना? बहू ला ले जाए बर दे दव."

मी मालखान्यात गेलो, लिफाफा काढला आणि मोहोर फोडली. मुन्शी म्हणाला, "सर, जवाब देना पड़ेगा." मी म्हणालो, देईन. किल्ली फिरवली. काहीच नाही. आवाजसुद्धा नाही. शिपाई लावून ढकलली. टाकीतलं डिझेलही उडून गेलेलं होतं. थान्याच्या आवारात डिझेल कसं उडतं, ते मी माझ्याच खात्याबद्दल काय सांगू? ट्रॉलीतून उतरलेली एक बाई गाडीच्या दारावरचं ते नाव पदराच्या शेवानं पुसत होती, आणि म्हातारा तिच्याकडे बघत उभा होता. बहुतेक सुनेची आई असावी. ती देवाचं नाव पुसावं तसं पुसत होती.

सुनेला आमच्या जीपमध्ये घातलं. पत्र्याची जीप, कडक बाकडी. मी स्वतः बसलो. बाळ जीपमध्येच झालं, ते वाचलं. ती वाटेतच गेली.

मोहोर फोडल्याबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला गेला. गाडी का चालू झाली नाही, याचा खुलासा कोणीच कोणाकडून मागवला नाही.

पुढे शेठजींनी कोर्टात तडजोड केली. मनानं वाईट माणूस नव्हता, असं मी म्हटलंच आहे. गाडी सुटली, नवी बॅटरी बसली, नवा रंग लागला, लोकार्पण झालं. मलाही निमंत्रण होतं आणि मी गेलो. पाहुण्यांनी फीत कापली, चांदीच्या कात्रीनं. स्वागतगीत म्हणायला पोरं दुसऱ्या गावाहून आणली होती, कारण इथली शाळा बंद होती. बैल गेला आणि झोपा केला, आणि त्या झोप्यापुढे मांडव घालून भाषणंही झाली. गाडी नंतर चालली, लोकांच्या उपयोगीही पडली, हे खोटं कशाला बोलू?

माझे वडील सांगत, दान देताना हातावरून पाणी सोडतात ते कशासाठी? वस्तू आता आपली नाही, हे घेणाऱ्याला नव्हे, देणाऱ्याला कळावं म्हणून. खेड्यापाड्यांत दवाखाने आणि शाळा लोकांच्या देणग्यांवर उभ्या आहेत, आणि त्या देणग्या बंद झाल्या तर हाल कुणाचे होतील ते मी हद्दीत हिंडून पाहिलं आहे. द्यावं. जरूर द्यावं. पण देऊन हात काढून घ्यावा. नोकरीभर मी घेणारे हात पकडले. सुटत नाही असा देणारा हात कोणत्या कलमाखाली पकडायचा, ते मला अजून सापडलेलं नाही. चोरीच्या या प्रकरणात चोर कोणीच नव्हता, आणि तरी एक बाई गेली. ही कडू गोष्ट आहे आणि तिला गोड करायचा माझा विचार नाही.

तडजोडीच्या दिवशी ती शिक्षिका कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. रायपुरात शिकवण्या घेत होती. सुटल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसेना. माझी वाट पाहत थांबली होती.

"सर, एक इचारू? गावचे लोक सांगत होते, ते दुसरी बाई गेली त्या दिवशी गाडी चालूच नाही झाली म्हने."

मी होकारार्थी मान हलवली.

"मी तर रोज सकाळी चालू करत होती. एक दिवस चुकली नाही. सुट्टीच्या दिवशीबी करत होती." तिचे डोळे भरून आले. "माह्या हातानं काही बिघडलं होतं काय सर तिच्यात?"

विश्वस्तांनी, वरिष्ठांनी, कोर्टानं, मी, कोणीच स्वतःला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला तो तिनं.

"नाही बाई," मी म्हणालो. "तुमच्या हातात होती तोवर गाडी चांगली होती."