सोडा घालून उकळलेल्या पट्ट्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आता ऐकायला तोही नाही. मी एकदा एका सॅक्सोफोनचा जीव पातेल्यात उकळून काढला. हसा, खुशाल हसा. मीही हसते कधीकधी. रिकाम्या घरात आपलंच हसू कसं ऐकू येतं, ठाऊक आहे?

तेव्हा अंधेरीच्या आमच्या ब्लॉकमधली एक खोली वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या अमेरिकनाला भाड्याने दिली होती. जॅझ वाजवायचा. चाळीस वर्षं बोटींवर, हॉटेलांत, दुसऱ्यांच्या गाण्यांमागे उभा राहिलेला माणूस. रेकॉर्डवर स्वतःचं नाव कधीच नाही. ते आता इथल्या एका स्टुडिओत पहिल्यांदा लागणार होतं.

सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूसारखी चपटी पट्टी असते. डबीभर पट्ट्यांत एखादीच नीट बोलते म्हणे. महिनाभर तासून, फुंकून त्याने तीन तयार केल्या होत्या. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्या पेल्यात भिजत ठेवल्या — आमच्या ओट्यावर, लोणच्याच्या बरणीला खेटून.

आणि मी? बी.ए. झालेली, स्वतःला भारी पुढारलेली समजणारी नवी सून — घरात कुणी नसताना उष्टं, उष्टं म्हणत एकटीचाच थयथयाट! तोंडात घातलेल्या काड्या, आणि माझ्या लोणच्यापाशी? सोडा घालून खळखळ उकळल्या, काथ्याने घासल्या, गॅलरीत वाळत घातल्या. वाकड्या झाल्या तर झाल्या — स्वच्छ तर झाल्या! अशी ही विदुषी.

वॉल्टरने त्या हातात घेतल्या. खुर्चीत बसला, तो बसूनच राहिला. सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा हा उद्योग?" आणि मी — इतक्या सहज कसं आलं तोंडून? — म्हटलं, "सुमनचा."

सुमन आमची धुणंभांडी करायची. तिला त्याच दुपारी काढलं. मी तिथेच उभी होते, पदराचं टोक चाळवत.

दुसऱ्या दिवशी वॉल्टर स्टुडिओतून तासाभरात परत आला. आठवड्याभरात मायदेशी गेला. रेकॉर्ड निघालीच नाही.

हल्ली मोबाइलवर त्याचं नाव शोधते. भलतेच वॉल्टर समोर येतात. आणि सुमन? माझ्याही आधीपासून चार वर्षं त्या घरात वावरली, पण तिचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. काय शोधणार?

जाताना ती जिन्यात थांबली होती. आवाज न चढवता एवढंच म्हणाली —

"वहिनी, या घरात मला गॅसला हात लावायची बंदी. मग त्या काड्या मी उकळल्या कशावर?"