साडेचारशे व्होल्टचे कपॅसिटर

व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत होबार्ट स्टिल्टनरने तेहतीस वर्षं विजेची कामं केली. निवृत्त झाल्यावर बायको व्हर्नाच्या गिटारसाठी त्याने जुन्या धाटणीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधला. तो चर्चमध्येच ठेवलेला असे आणि व्हर्ना दर रविवारी त्याला गिटार जोडून वाजवायची. होबार्ट मात्र सगळ्यात मागे, दाराशी बसायचा. उपदेश संपला की पाळक आवाहन करत आणि ज्याला देवाला शरण जायचंय तो सगळ्यांदेखत उठून पुढे जाई. चाळीस वर्षांत हा पठ्ठ्या एकदाही जागचा हलला नव्हता. व्हर्नाने सांगून सांगून अखेर नाद सोडला होता.

त्या रविवारी गुडघ्याचं निमित्त करून तो घरीच राहिला आणि गरम बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ पाव, ग्रेव्हीत बुडवून खात बसला. खाता खाता नजर मोजमापांच्या वहीवर गेली: चारशे दहा व्होल्ट. आवाज दबतो अशी व्हर्नाची तक्रार होती, म्हणून शुक्रवारीच त्याने एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह काढून तिथे डायोड घातले होते. वीज साठवणारे कपॅसिटर मात्र जुनेच ठेवले, साडेचारशे व्होल्टपर्यंत सोसणारे. पाचशेचे नवे खोक्यात पडून होते, पण असलेलं वाया कशाला घालवा, हा त्याचा स्वभाव. चारशे दहाला साडेचारशे रग्गड झाले, असं त्याला वाटलं होतं.

आता त्याने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. ते चारशे दहा त्याने मोजले होते बाकीचे व्हॉल्व्ह तापून लाल झाल्यावर, नेहमीच्या सवयीने. जुना व्हॉल्व्ह सावकाश तापायचा, दाबही सावकाश चढायचा. डायोडला तापावं लागत नाही. स्विच लावला की सगळा दाब थेट कपॅसिटरवर, आणि बाकीचे व्हॉल्व्ह थंड, वीज ओढणारं कुणीच नाही. दहा-बारा सेकंद तरी चारशे नव्वद. खाणीतल्या अर्लिसच्या तोंडासमोर असाच एक कपॅसिटर फुटला होता आणि त्याचा डावा डोळा गेला. व्हर्नाही स्विच लावायला अ‍ॅम्प्लिफायरच्या उघड्या पाठीशी वाकायची. स्विच तिथे बसवण्याचं शहाणपण होबार्टचंच.

चर्चमधला फोन कुणी उचलेना. सात मैल त्याने ट्रक कसा हाकला ते त्याचं त्यालाच ठाऊक. दार उघडलं तर उपदेश चालू होता आणि व्हर्ना धडधाकट बसलेली. त्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. घरघर नको म्हणून उपदेशाच्या वेळी ती अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवायची. म्हणजे व्हॉल्व्ह पुन्हा थंड. सकाळी एकदा सोसलेला कपॅसिटर दुसऱ्यांदा सोसेलच असं नाही. तेवढ्यात पाळकांनी आवाहन केलं आणि गीतासाठी व्हर्ना स्विचकडे वाकली.

होबार्ट पुढे निघाला. हाक मारायला आवाज फुटेना. बाकांवरून "आमेन" ऐकू येऊ लागलं. व्हर्नाने मान वर करून त्याला पाहिलं आणि स्विचवरचा हात तोंडावर नेला.

पाळक हात पसरून म्हणाले, "ये बंधू, भिऊ नकोस."

होबार्ट त्यांना वळसा घालून गेला, गुडघ्यांवर पडला आणि भिंतीतला प्लग उपटला.

व्हर्ना रडत त्याच्या शेजारी टेकली. "चाळीस वर्षं, होबार्ट. मी आशाच सोडली होती रे."

त्या वेळी गप्प बसणं सोपं होतं. पण त्याने मूठ उघडून प्लग दाखवला आणि कपॅसिटर कमी व्होल्टचे घातले गेलेत, ते कुजबुजत सांगून टाकलं. तिने प्लगकडे पाहिलं.

"माझ्या तोंडावर उडाला असता?"

"हो. चूक माझी. मी फार घाबरलो, व्हर्ना. अजूनही घाबरलोय."

व्हर्नाने डोळे पुसले आणि गिटार मांडीवर घेतली.

"मग आता दाराशी जाऊ नकोस," ती म्हणाली. "इथेच बस, मला दिसशील असा."

आणि तिने अ‍ॅम्प्लिफायरशिवायच गीत सुरू केलं. होबार्ट पहिल्या बाकावर बसला. प्लग मात्र त्याने गीत संपेपर्यंत हातातून सोडला नाही.