डोक्याशी असणाऱ्याचा हुकूम

त्या पोस्टवर हजर झालो तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, औषधांची पेटी आणि सात पुस्तकं होती. मी लष्कराच्या वैद्यकीय शाखेतला नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर नव्हतो. पण एवढ्या उंचीवरच्या पोस्टवर खरा डॉक्टर नसतो, म्हणून जवान मलाच डॉक्टर म्हणत.

नायक दत्ताराम घाग मला तिथे भेटला. गाव खेड तालुक्यात, घर ठाण्याला कोलशेतमध्ये. मी डोंबिवलीचा. त्या डोंगरात ठाणे आणि डोंबिवली म्हणजे शेजारची घरं. तो ड्रिलचा उस्ताद होता. त्याचा हुकूम खालच्या हेलिपॅडवर ऐकू जाई.

सकाळी सहाला पीटी. साडेसातला सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची रांग. रांग संपली की घाग चहाचा मग घेऊन माझ्या खोलीत येई. दर शनिवारी मी सगळ्यांना जखमी माणूस उचलायला शिकवत असे. पाठीच्या कण्याला मार असेल तर चौघांनी एकाच वेळी उचलायचं. डोकं, खांदे, कंबर, पाय. जो डोक्याशी असतो, हुकूम त्याचा. त्याने प्रत्येकाला पकड विचारायची, उत्तर घ्यायचं, मगच म्हणायचं, "तैयार... उठा."

घाग मागे उभा राहून ऐके.

"डॉक्टर, हुकूम देतोयस की लायब्ररीत पुस्तक मागतोयस?"

"ऐकू येतंय ना?"

"मला येतंय. वारा सुटला की कोणाला येणार आहे? पोटातून काढ रे आवाज."

मला तो कधी जमला नाही.

त्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला रेशनची गाडी वळणावर घसरून नाल्यात गेली. ड्रायव्हरचा हात मोडला. शेजारी बसलेला घाग बाहेर फेकला गेला. आम्ही मागच्या गाडीत होतो. दहा मिनिटांत खाली पोचलो. घाग दगडांवर उताणा पडला होता, शुद्धीवर होता. मी त्याचे बूट कापून काढले आणि अंगठ्याला चिमटा काढला.

"कळतंय?"

"कळतंय. हळू की, येड्या."

"बोटं हलव."

दोन्ही पायांची बोटं हलली. मी वेळ मनगटावर पेनने लिहिली. ९.५८.

मागे रेडिओवाला बोलत होता. "अल्फा टू. एक कॅज्युअल्टी. पाठीचा कणा. स्ट्रेचर केस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"अल्फा टू, थांबा. हवामान बघतोय. ओव्हर."

आम्ही जागा घेतल्या. डोक्याशी मी. खांद्यांशी आणि पायांशी एकेक शिपाई. कमरेशी लान्स नायक जाधव, साताऱ्याचा. रेडिओवाल्याने स्ट्रेचर तयार धरलं. जाधवचा एक हात घागच्या कमरेखाली गेला होता, दुसऱ्या हाताने तो पट्टा बाजूला सारत होता. मी पकड विचारायला सुरुवात केली.

"खांदे?"

तेवढ्यात हुकूम आला. "तैयार... उठा!"

हुकूम घागचा होता, खाली पडलेल्या माणसाचा. त्या तिघांनी दोन वर्षं त्याच आवाजावर पाय आपटले होते. त्यांनी उचललं. मग डोकं धरलेल्या मलाही उचलावंच लागलं. जाधवचा एकच हात होता. कंबर क्षणभर खचली.

स्ट्रेचर घेऊन तीसेक पावलं गेलो तेव्हा मागे दरड कोसळली. जिथे आम्ही गुडघे टेकले होते ती जागा दगडांखाली गेली. "नशीब," जाधव म्हणाला. वळणाच्या पलीकडे मी पुन्हा चिमटा काढला. घाग काही बोलला नाही.

"बोटं हलव."

"हलवतोय की."

बोटं हलत नव्हती.

अपघाताच्या रिपोर्टात एक रकाना होता, जखमीला कोणाच्या हुकमाने हलवले. मी तिथे माझा नंबर लिहिला. हुकूम त्याने सवयीने दिला, वेदनेच्या भरात दिला, असं मी धरून चाललो होतो. पलंगावर पडलेल्या माणसाला हे कधी कागदावर वाचायला लागू नये, एवढाच माझा विचार होता. उचलताना जाधवचे दोन्ही हात लागले असते तर बोटं हलत राहिली असती का, हे मी नंतर इस्पितळातल्या सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येणार नाही. सूज असेल, धक्का असेल. नस पूर्ण तुटलेली नाही, एवढं धरून चाल."

मला त्याच इस्पितळात चार महिन्यांची ड्यूटी मिळाली. मागून घेतली होती. घागला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. सहाव्या आठवड्यात उजव्या मांडीचा स्नायू फडफडला. मग फळीला बांधून थोडं थोडं उभं करणं. मग दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा आधार, आणि दोन समांतर दांड्यांच्या मधे उभं राहणं. त्या दांड्यांमध्ये तो घाम गाळत उभा राहिला, पण पाय टाकेना.

"चल की."

"हुकूम दे."

"तूच दे. तुझ्याएवढा आवाज आहे का माझ्याकडे?"

"नाही. हुकूम तू द्यायचास."

मी म्हणालो, "उजवा." उजवा पाय फरशी खरवडत पुढे आला. त्या दिवशी तीन पावलं झाली. त्या दिवसानंतर तो स्वतःच्या मनाने एकही पाऊल टाकत नसे. माझी ड्यूटी संपली तेव्हा मी फिजिओथेरपिस्टला सांगून आलो, याला हुकूम लागतो.

निवृत्त झाल्यावर मी डोंबिवलीच्या मानपाड्याला राहायला आलो. दर रविवारी सकाळी लोकलने ठाण्याला जाऊन तिथून रिक्षाने कोलशेत. घागचं घर तळमजल्यावर. दारापासून इमारतीच्या गेटपर्यंत बेचाळीस पावलं. तो कोपराच्या कुबड्यांवर, मी मागे, माझ्या मुठीत त्याच्या कमरेचा पट्टा. त्याची बायको, सुमनवहिनी, पोहे करून ठेवत आणि दारातून पावलं मोजत. असे अकरा वर्षांचे रविवार गेले. आता रविवारी सकाळी सहाला जाग येते आणि उठून बसतो. पुढे काय करायचं ते सुचत नाही.

एका नोव्हेंबरात त्याने ठरवलं की पेन्शनचा हयातीचा दाखला बँकेत चालत जाऊन द्यायचा.

"अहो, मोबाईलवर होतं ते आता," वहिनी म्हणाल्या. "चेहरा दाखवला की झालं."

"चेहरा काय दाखवायचाय? पाय दाखवायचेत."

बँकेला सात पायऱ्या होत्या. आम्ही महिनाभर इमारतीच्या जिन्यावर सराव केला. त्या दिवशी अकरा वाजता सुरुवात केली. "कुबडी. उजवा. डावा." चार पायऱ्या झाल्या. पाचवीवर डाव्या कॅलिपरच्या गुडघ्याची कडी सुटली आणि पाय मिटला. मी पट्टा दोन्ही हातांनी धरून त्याला पायरीवर बसवला. बँकेचा वॉचमन आणि दोन गिऱ्हाइकं धावत आली. "उचला, उचला! हाताला धरा!" एकाने त्याचा दंड ओढायला सुरुवातही केली.

"जैसे थे!"

तो आवाज माझा होता. रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबली. कोणी हलेना. मी कडी बसवली. वॉचमनला उजवीकडे उभं केलं, एकाला डावीकडे, प्रत्येकाला पकड विचारली आणि हुकूम दिला. घाग उभा राहिला. उरलेल्या पायऱ्या चढला. काउंटरवर उभं राहूनच सही केली.

नंतर बाकावर बसून तो बराच वेळ हसत होता.

"आला एकदाचा. पोटातून आला."

"गप बस."

"रिपोर्टात तुझा नंबर आहे. मेडिकल बोर्डाच्या कागदांत वाचला मी. सहा वर्षं झाली."

"मग काय लिहिणार होतो? पेशंटने स्वतःच स्वतःला उचलायला लावलं?"

"लिहायचं होतंस. खरं तेच होतं." तो फाईलची नाडी बांधत राहिला. "तुमच्या सगळ्यांच्या पाठी डोंगराकडे होत्या. मी उताणा. वरचा दगड सुटताना मला दिसला. जाधवचा हात मोकळा आहे, तेही कळत होतं. तू पकड विचारत बसला असतास."

"हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आणि जाधव येऊन पाय धरत बसला असता. मला पट्टा धरायला माणूस हवा होता."

"आणि हुकूम? तो मला का द्यायला लावलास?"

"तुझा होता. मी त्या दिवशी मधेच घेतला. परत केला."

पुढच्या वर्षी लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत गेला. कण्याची दुखापत झालेल्यांच्या मागे हा त्रास कायम असतो. नऊ दिवस दवाखान्यात होता. दहाव्या दिवशी पहाटे गेला. जाधव साताऱ्याहून दुपारी पोचला. बँकेच्या बाकावरचं बोलणं मी त्याला आधीच फोनवर सांगितलं होतं.

वहिनींनी कॅलिपर दवाखान्यातून घरी आणायला लावले होते. ते भिंतीशी उभे होते, बुटांसकट. घागला जमिनीवरून तिरडीवर घ्यायचं होतं. त्याचे दोन पुतणे, जाधव आणि मी. डोक्याशी मी बसलो. मी पकड विचारली.

"खांदे?"

"आहे, काका."

"पाय?"

"आहे."

"कंबर?"

जाधवने वर पाहिलं नाही. "दोन्ही हात आहेत, डॉक्टर."

मी थांबलो. मी घागच्या आवाजाची वाट पाहत होतो, हे मला थोड्या वेळाने कळलं. बाहेर बायकांची कुजबुज थांबली होती. मग मी पोटात श्वास घेतला.

"तैयार... उठा."

चौघांनी एकदम उचललं. कंबर खचली नाही.